फोटोचं बॅकग्राउंड एका बटणावर पांढरं होतं, पण बटण दाबण्याआधी हे वाचा

नंदुरबार : दहावी-बारावीचे निकाल लागले की जिल्ह्यातले फोटो स्टुडिओ आणि ऑनलाइन फॉर्म भरणारी दुकानं भरून जातात. कुणाला अकरावीच्या प्रवेशासाठी फोटो पाहिजे, कुणाला आयटीआयसाठी, कुणाला शिष्यवृत्तीसाठी, तर कुणाला भरतीच्या फॉर्मसाठी. धडगाव, मोलगीकडचं पोरगं सकाळची गाडी धरून येतं आणि संध्याकाळच्या गाडीने त्याला घरी जायचं असतं. फोटो काढायला दोन मिनिटं लागतात. खरा वेळ जातो तो पुढच्या कामात. मागची भिंत काढून पांढरा रंग टाकायचा, फोटो मापात कापायचा आणि फाइल सांगितलेल्या केबीत बसवायची. हेच काम दिवसातून पन्नास वेळा.

म्हणून बऱ्याच दुकानांत आता एक बटण दाबून हे काम होतं. फोटोशॉप वापरणारे त्याला ‘ॲक्शन’ म्हणतात, इतर सॉफ्टवेअरमध्ये त्याला ‘मॅक्रो’ म्हणतात. हे बटण तयार कसं होतं, त्यात काय ठेवायचं, काय ठेवायचं नाही आणि ज्याचा फोटो आहे त्याने दुकानातून निघण्याआधी काय बघायचं, ते सगळं इथे सोप्या भाषेत सांगत आहोत. दुकान चालवणाऱ्यांनी वाचावंच, पण फॉर्म भरणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या आईवडिलांनीही वाचावं.

फोटो एवढा महत्त्वाचा का झाला?

शहादा तालुक्यातलं टेंभली गाव सगळ्यांना माहीत आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक याच गावात दिले गेले. तेव्हापासून चेहरा, बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बाहुल्या हीच माणसाची ओळख झाली. आधारचा फोटो केंद्रातच काढतात, तो आपल्याला न्यावा लागत नाही. पासपोर्टसाठी मोठ्या माणसाचा फोटोही पासपोर्ट सेवा केंद्रातच काढला जातो. चार वर्षांखालच्या बाळाचा मात्र पांढऱ्या बॅकग्राउंडचा फोटो घरून न्यावा लागतो.

बाकी जवळजवळ प्रत्येक ऑनलाइन फॉर्मला फोटो आपणच अपलोड करायचा असतो आणि त्याचं माप ठरलेलं असतं. उदाहरणार्थ, बँक भरतीच्या आयबीपीएस परीक्षांच्या सूचनांत फोटो २०० बाय २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीचा मागतात. सही १४० बाय ६० पिक्सेलची आणि १० ते २० केबीची. फोटोचं बॅकग्राउंड फिकट, शक्यतो पांढरं असावं असंही त्यात लिहिलेलं असतं. दुसऱ्या परीक्षेचं माप वेगळं असू शकतं, म्हणून प्रत्येक वेळी त्या त्या जाहिरातीतली सूचना बघावी लागते. माप चुकलं तर वेबसाइट फाइल घेत नाही. त्याहून वाईट म्हणजे फाइल घेतली जाते आणि अर्ज छाननीत अडकतो. तोपर्यंत शेवटची तारीख गेलेली असते.

ॲक्शन म्हणजे काय?

जुन्या टेपरेकॉर्डरवर लाल बटण दाबून गाणं भरायचे आणि मग हवं तेव्हा वाजवायचे. ॲक्शनचंही तसंच आहे. तुम्ही रेकॉर्डचं बटण दाबता आणि एका फोटोवर काम करता. कोणता मेनू उघडला, कोणता आकडा टाकला, कोणता रंग निवडला, हे सॉफ्टवेअर ओळीने लिहून ठेवतं. काम झालं की रेकॉर्डिंग बंद. पुढच्या फोटोवर ‘प्ले’ दाबलं की तीच सगळी कामं त्याच क्रमाने होतात. फोटोशॉपमध्ये ही सोय १९९६ पासून आहे.

एक गोष्ट इथे नीट समजून घ्या. ॲक्शन समोरच्या फोटोत कोण आहे ते बघत नाही. पहिल्या फोटोवर तुम्ही जे केलं तेच ती पुढच्या प्रत्येक फोटोवर करते. म्हणून एक साधा नियम लक्षात ठेवा. जे काम सगळ्यांच्या फोटोत सारखं आहे ते ॲक्शनमध्ये टाका. जे माणसागणिक बदलतं ते हातात ठेवा. पुढे जे काही सांगितलं आहे ते सगळं याच नियमातून आलं आहे.

कलर फिल लेयर म्हणजे काय?

फोटोशॉपमध्ये फोटोवर थर चढवता येतात, त्यांना लेयर म्हणतात. कलर फिल लेयर म्हणजे एकाच रंगाचा पूर्ण थर. फोटोवर रंगीत कागद ठेवल्यासारखं समजा. या कागदाला माणसाच्या आकाराचं भोक पाडता येतं. भोकातून माणूस दिसतो आणि बाकी सगळीकडे कागदाचा रंग. या भोकाला ‘मास्क’ म्हणतात.

कुणी म्हणेल, सरळ ब्रशने पांढरा रंग मारला तर काय बिघडलं? बिघडतं असं की खालचा फोटो कायमचा झाकला जातो. फिल लेयरमध्ये मूळ फोटो खाली जसाच्या तसा राहतो. लेयरवरच्या छोट्या रंगीत चौकोनावर दोनदा क्लिक केलं की रंग बदलता येतो. एका फॉर्मला पांढरा पाहिजे आणि दुसरीकडे फिकट निळा चालतो, तर नवीन फोटो काढायची गरज नाही. केसांची कड चुकली तर मास्कवर काळ्या ब्रशने खालचा फोटो परत आणता येतो आणि पांढऱ्या ब्रशने पुन्हा झाकता येतो. मूळ चित्राला धक्का लागत नाही.

ॲक्शन तयार करायची कशी?

सुरुवातीला फोटो हाताने कापा. प्रत्येकाचा चेहरा फोटोत वेगळ्या जागी असतो, म्हणून कापण्याचं काम ॲक्शनमध्ये टाकू नका. क्रॉप टूलमध्ये रुंदी ३.५ सेंमी, उंची ४.५ सेंमी आणि रिझोल्यूशन ३०० ठेवा. कापलेला फोटो साधारण ४१३ बाय ५३१ पिक्सेलचा होईल. आता पुढच्या पायऱ्या :

१. ऑल्ट आणि एफ-९ दाबा. ॲक्शनचं पॅनेल उघडेल.

२. फोल्डरच्या चिन्हावर क्लिक करून नवीन सेट करा. त्याला दुकानाचं नाव द्या.

३. नवीन ॲक्शन करा. तिला समजेल असं नाव द्या, म्हणजे ‘पांढरं बॅकग्राउंड’. त्याच चौकटीत एखादी फंक्शन की निवडा, पुढे हीच की तुमचं बटण होईल. आता ‘रेकॉर्ड’ दाबा. खाली लाल गोल दिसेल.

४. हिस्टरी पॅनेलमध्ये जाऊन एक स्नॅपशॉट घ्या. पुढे काही बिघडलं तर एका क्लिकवर इथे परत येता येतं.

५. सिलेक्ट मेनूत ‘सब्जेक्ट’ निवडा. सॉफ्टवेअर स्वतः माणसाला ओळखून त्याच्याभोवती रेघ आखतं. ही सोय २०१८ पासूनच्या आवृत्त्यांत आहे. त्याआधीची आवृत्ती असेल तर ही पायरी सोडा आणि क्विक सिलेक्शन टूलने माणूस हाताने निवडा.

६. ॲक्शन पॅनेलच्या कोपऱ्यातला मेनू उघडून ‘इन्सर्ट स्टॉप’ घ्या. संदेशात लिहा, ‘केस, कान, खांदे तपासा’. ॲक्शन इथे येऊन थांबेल, तुम्ही रेघ दुरुस्त कराल आणि परत प्ले दाबलं की पुढे चालू लागेल.

७. सिलेक्ट मेनूत ‘इन्व्हर्स’ घ्या. आता माणूस सोडून बाकी भाग निवडला गेला.

८. लेयर मेनूत ‘न्यू फिल लेयर’, त्यात ‘सॉलिड कलर’. नाव विचारेल तिथे ‘मागचा रंग’ असं लिहा. रंगाच्या चौकटीत आर, जी आणि बी तिन्ही ठिकाणी २५५ टाका. हा पूर्ण पांढरा.

९. चौकोनी बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवा.

झालं. दुसरा फोटो उघडा, कापा आणि तुमची की दाबून बघा. पहिल्या दिवशी पाच-सहा वेगवेगळ्या माणसांच्या फोटोंवर चालवून बघितल्याशिवाय ती गिऱ्हाइकाच्या फोटोवर वापरू नका.

शेवटचं एक काम राहिलं. पॅनेलमध्ये सेटच्या नावावर क्लिक करून मेनूतून ‘सेव्ह ॲक्शन्स’ करा आणि ती फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा. एकट्या ॲक्शनवर क्लिक असेल तर हा पर्याय चालत नाही, सेट निवडावा लागतो. फोटोशॉप नवीन ॲक्शन पक्की करतं ते नीट बंद केल्यावर. मधेच लाइट गेली आणि इन्व्हर्टर नसला, तर अर्धा तास बसून केलेली ॲक्शन उडालेली असते.

नेहमी होणाऱ्या पाच चुका

पहिली चूक रंगाची. तुम्ही रेकॉर्ड करताना पांढरा निवडला म्हणजे तो आकडा ॲक्शनमध्ये पक्का बसला. दुसऱ्याला निळं बॅकग्राउंड पाहिजे तरी ॲक्शन पांढरंच टाकणार. यावर दोन उपाय आहेत. दोन वेगळ्या ॲक्शन करा, नाहीतर फिल लेयरच्या पायरीच्या डावीकडचा छोटा चौकोन चालू करा. मग त्या पायरीवर ॲक्शन थांबते आणि रंग विचारते. रोज एकच रंग लागत असेल तर पहिला उपाय बरा, गिऱ्हाईक वेगवेगळे रंग मागत असतील तर दुसरा.

दुसरी चूक लेयरच्या नावाची. रेकॉर्डिंग चालू असताना लेयर पॅनेलमध्ये ‘कलर फिल १’ नावाच्या लेयरवर माउसने क्लिक केलं, तर ॲक्शन ते नाव लिहून ठेवते. पुढच्या फाइलमध्ये त्या नावाचा लेयर नसला की ॲक्शन अडते आणि लेयर उपलब्ध नाही असा संदेश येतो. कधी त्या नावाचा दुसराच लेयर असतो आणि ती भलत्यावरच काम करते. म्हणून रेकॉर्ड करताना लेयरवर माउस लावू नका. ऑल्ट दाबून डावा चौकोनी कंस दाबला की खालचा लेयर निवडला जातो आणि उजवा कंस दाबला की वरचा. ॲक्शन मग नाव लिहीत नाही, ‘खालचा’ किंवा ‘वरचा’ एवढंच लिहिते. ते कुठल्याही फाइलमध्ये चालतं.

तिसरी चूक निवडीची. फिल लेयर टाकताना फोटोत जे निवडलेलं असेल त्याच आकाराचा मास्क तयार होतो. इन्व्हर्स करायचं राहिलं तर बॅकग्राउंड तसंच राहतं आणि पांढरा रंग माणसावर बसतो. काहीच निवडलेलं नसलं तर सगळा फोटो पांढरा. असं झालं तर घाबरू नका, लेयर काढून टाका किंवा स्नॅपशॉटवर परत जा.

चौथी चूक फाइलच्या नावाची, आणि हीच सगळ्यात महागात पडते. जतन करण्याची पायरी रेकॉर्ड करताना तुम्ही चौकटीत नाव टाइप केलं, तर ॲक्शन तेच नाव कायम वापरते. आश्रमशाळेतल्या चाळीस मुलांचे फोटो एका दमात चालवले, तर प्रत्येक नवा फोटो आधीच्या फोटोच्या जागी बसतो. शेवटी फोल्डरमध्ये एकच फाइल उरते. म्हणून रेकॉर्ड करताना नावाला हात लावू नका, फक्त फोल्डर आणि फाइलचा प्रकार निवडा. मूळ फोटोंना आधीच हजेरी क्रमांकाची नावं देऊन ठेवा आणि मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये राहू द्या.

पाचवी चूक मापाची. ३.५ बाय ४.५ सेंमीचा कापलेला फोटो थेट २०० बाय २३० पिक्सेल केला की चेहरा रुंद होतो. हिशोब करून बघा. २३० उंचीला ३.५ बाय ४.५ च्या प्रमाणात रुंदी १७९ यायला पाहिजे. ती ओढून २०० केली की माणूस जवळजवळ १२ टक्के जाड दिसतो. छोट्या फोटोत हे पटकन लक्षात येत नाही, पण गाल फुगलेले आणि खांदे पसरलेले दिसतात. त्या फॉर्मसाठी मूळ फोटोतून २०० बाय २३० च्या प्रमाणातच वेगळं कापा.

केबीचंही गणित ॲक्शनवर पूर्ण सोडता येत नाही. जेपेग फाइल किती मोठी होणार हे फोटोत बारीकसारीक किती आहे त्यावर ठरतं. नक्षीदार साडीचा फोटो मोठा होतो आणि साध्या शर्टचा लहान. सपाट पांढरं बॅकग्राउंड तर फारच कमी जागा घेतं. त्यामुळे क्वालिटी कमी ठेवली तर एवढ्या लहान फोटोची फाइल २० केबीच्या खालीही जाऊ शकते आणि वेबसाइट तीही नाकारते. फाइल जतन झाली की तिच्यावर राइट क्लिक करून साइज बघायची सवय लावा.

पांढरी टोपी, पांढरे केस आणि पदर

आपल्याकडच्या फोटोंत एक अडचण हमखास येते. आजोबा पांढरा सदरा आणि पांढरी टोपी घालून येतात. मागे पांढरा रंग टाकला की टोपी कुठे संपली आणि बॅकग्राउंड कुठे सुरू झालं तेच कळत नाही. कधी कधी सॉफ्टवेअर टोपीलाच भिंत समजून कापून टाकतं. आजीच्या पांढऱ्या केसांचंही तसंच. डोक्यावरून घेतलेल्या पदराची कड सरळ नसते, तिथे अर्धा पदर उडतो.

अशा फोटोत सहाव्या पायरीवरचा थांबा कामाला येतो. तिथे थांबून टोपीची आणि पदराची कड हाताने आखून घ्या. ज्या कामाला पांढरंच बॅकग्राउंड पाहिजे असा नियम नाही, तिथे फिकट राखाडी किंवा फिकट निळा रंग टाका. नियम पांढऱ्याचाच असेल तर आजोबांना दुसऱ्या रंगाचा सदरा घालून यायला सांगा. गावाहून येण्याआधी फोनवरच सांगितलं तर त्यांची एक फेरी वाचते.

फोटो काढतानाही अर्धं काम सोपं करता येतं. माणसाला भिंतीला चिकटून उभं करू नका, दोन-तीन फूट पुढे उभं करा म्हणजे सावली मागे पडत नाही. हिरव्या किंवा निळ्या भिंतीपुढे काढलेल्या फोटोत केसांच्या कडेला तोच रंग राहून जातो, मग पांढरं बॅकग्राउंड टाकल्यावर डोक्याभोवती हिरवी रेघ दिसते. साधी फिकट भिंत असली तर ॲक्शनचं काम जास्त स्वच्छ होतं.

चेहऱ्याचा रंग बटणावर सोडू नका

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. फिल लेयर फक्त मागच्या रंगासाठी वापरत नाहीत. काही ठिकाणी चेहऱ्यावर पांढरा किंवा गुलाबी फिल लेयर टाकून, त्याचा ब्लेंड मोड ‘सॉफ्ट लाइट’ करून, चेहरा ‘उजळ’ करतात. एकदा ॲक्शनमध्ये ही पायरी बसली की ती प्रत्येक फोटोवर चालते. गिऱ्हाइकाने मागितलेलं नसलं तरी.

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात दर शंभरातले ६९ लोक अनुसूचित जमातीचे आहेत. भिल्ल, पावरा, कोकणी, मावची अशा कितीतरी घरांतली पोरं सावळी आहेत, उन्हात काम करून रापलेली आहेत. एका गोऱ्या चेहऱ्यावर रेकॉर्ड केलेली ‘उजळ’ ॲक्शन सावळ्या चेहऱ्यावर चालवली की चेहरा राखाडी आणि मातकट दिसतो. नाकाची, गालाची ठेवण पुसट होते. गळा आणि हात वेगळ्याच रंगाचे राहतात.

प्रश्न फक्त दिसण्याचा नाही. परीक्षा केंद्राच्या दारावर हॉल तिकिटावरचा फोटो आणि समोरचा चेहरा ताडून बघतात. पासपोर्टसारख्या कागदांसाठी तर त्वचेचा रंग नैसर्गिक दिसला पाहिजे असा नियमच आहे. वर्षभर अभ्यास केलेल्या पोराला दारातच ‘हा तूच आहेस का?’ असं विचारलं गेलं, तर त्याचं पेपरमधलं निम्मं लक्ष उडतं. फोटो आहे ओळख पटवायला. लग्नाच्या अल्बममध्ये हौस म्हणून काय करायचं ते करा, पण फॉर्मच्या फोटोत चेहऱ्याच्या रंगाला हात लावू नका.

फोटो अंधारा आला असेल तर काय? तर दिवा नीट लावून परत काढा. ते शक्य नसेल तर पूर्ण फोटोचा उजेड हाताने थोडा वाढवा आणि तो त्या फोटोपुरताच ठेवा. ॲक्शनमध्ये ही पायरी आधीपासून असेल, तर पॅनेलमध्ये तिच्या डावीकडची बरोबरची खूण काढून टाका. पायरी तिथेच राहते, पण चालत नाही.

शाळेचे चाळीस फोटो एकदम करायचे असतील तर

आश्रमशाळेच्या ओळखपत्रांचं काम आलं की सगळ्या मुलांना एकाच जागी, एकाच उजेडात आणि कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर उभं करा. असे फोटो ॲक्शनला चांगले झेपतात. फाइल मेनूत ‘ऑटोमेट’, त्यात ‘बॅच’ निवडा. कोणती ॲक्शन, फोटो कुठल्या फोल्डरमधून घ्यायचे आणि तयार फोटो कुठे ठेवायचे, एवढं सांगितलं की सॉफ्टवेअर एकामागून एक फोटो करत जातं. बॅचसाठी ॲक्शनची वेगळी प्रत करा आणि तिच्यातल्या थांब्याची खूण काढा, नाहीतर ती दर फोटोला थांबेल. ॲक्शनमध्ये जतन करण्याची पायरी असेल तर बॅचच्या चौकटीत ॲक्शनमधली जतनाची पायरी बाजूला ठेवण्याचा पर्याय आहे, त्यावर खूण करा.

बॅच संपली म्हणजे काम संपलं असं समजू नका. फोल्डर उघडून सगळे फोटो मोठ्या चित्रांच्या रूपात बघा. आधी संख्या मोजा. मग कुणाचा कान गेला, कुणाची वेणी कापली गेली, कुणाच्या खांद्यावर पांढरा डाग आला ते शोधा. चाळीसमध्ये चार-पाच तरी हाताने नीट करावे लागतात. तेवढा वेळ धरूनच मुख्याध्यापकांना तारीख सांगा.

फोटो छापून देण्याचं काम मात्र पूर्णपणे ॲक्शनवर सोपवता येतं. चार बाय सहा इंचाच्या कागदावर आडवे चार आणि उभे दोन असे ३.५ बाय ४.५ सेंमीचे आठ फोटो बसतात. कागद तोच, माप तेच, मांडणी तीच. इथे माणसागणिक काही बदलत नाही.

फोटोशॉप नसेल तर?

फोटोपी नावाची वेबसाइट ब्राउझरमध्ये चालते आणि दिसायला फोटोशॉपसारखीच आहे. ती फुकट आहे, जाहिराती दिसतात. फोटो बाहेर कुठे पाठवला जात नाही, काम आपल्याच यंत्रावर होतं. तिच्यात फिल लेयर आहेत, ॲक्शन रेकॉर्ड करता येतात आणि फोटोशॉपमध्ये जतन केलेली ॲक्शनची फाइलही उघडते. मोबाइलच्या ब्राउझरमध्येही ती चालते, पण लहान पडद्यावर केसांची कड आखणं अवघड जातं. शक्य असेल तर कॉम्प्युटरच वापरा.

ॲफिनिटी हे सॉफ्टवेअर ऑक्टोबर २०२५ पासून फुकट झालं आहे. त्यात याच कामाला ‘मॅक्रो’ म्हणतात. गिम्प हेही फुकट आहे आणि चांगलं आहे, पण त्यात रेकॉर्डचं बटण नाही. तेच काम करायला छोटा प्रोग्रॅम लिहावा लागतो. कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारी पोरं घरात असतील तर त्यांना हे जमेल.

ज्याचा फोटो आहे त्याने काय बघायचं?

दुकानातून निघण्याआधी फाइल आपल्या मोबाइलवर मागून घ्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली तर ती दाबली जाते आणि पिक्सेल, केबी बदलतात. म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. मग या गोष्टी बघा :

– फोटो बोटांनी मोठा करून केस, दोन्ही कान आणि खांद्यांची कड बघा. काही कापलं गेलं आहे का?

– चेहऱ्याचा रंग तुमचाच आहे का? आरशात किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात ताडून बघा.

– चेहरा ओढल्यासारखा रुंद किंवा लांबट दिसतो का?

– फाइलच्या माहितीत पिक्सेल आणि केबी किती आहेत? जाहिरातीत जे लिहिलं आहे तेवढेच आहेत का?

– फाइलला तुमचं नाव आहे का? उघडल्यावर फोटो तुमचाच आहे ना?

यातलं काही चुकलं असेल तर तिथेच सांगा. दुकानदाराकडे मूळ फोटो आणि लेयरवाली फाइल असेल तर दुरुस्ती पाच मिनिटांची आहे. तीच दुरुस्ती गावी गेल्यावर आठवली तर परत गाडीभाडं, परत एक दिवस आणि फॉर्मची तारीख जवळ आलेली. दुकानदार भाऊंनाही एक विनंती. फॉर्मची शेवटची तारीख होईपर्यंत लेयरवाली फाइल डिलीट करू नका. पोरगं परत आलं तर नवीन फोटो काढायची वेळ येणार नाही.